शेवटच्या तारखेचे ओझे नेमके कोणाचे?

हिशेबाचे काम करणाऱ्यांकडून, आणि त्याहून अधिक वेळा त्यांच्या घरच्यांकडून, एक तक्रार माझ्यापुढे वारंवार येते. उत्पन्न बरे आहे, परंतु महिन्यातला एकही दिवस आपला म्हणून उरत नाही. तेव्हा हा व्यवसायच सोडून द्यावा का? कोल्हापूरच्या शाहूपुरीत स्वतःचे छोटे कार्यालय चालवणारे एक सीए हाच प्रश्न घेऊन पत्नीसह आले होते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्याकडे लक्ष्मीपुरीतील धान्य व्यापारी, गुजरीतील काही सराफ आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार यांची कामे होती. 7 तारखेला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचा, भरणा, 11 ला जीएसटीआर-1 हे विक्रीचे विवरणपत्र, 20 ला 3बी हे जीएसटी भरण्याचे विवरणपत्र, जुलैअखेर प्राप्तिकराची विवरणपत्रे, 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, म्हणजे करासाठीची हिशेबतपासणी, हे सारे त्यांनी एका दमात सांगितले. गेल्या महिन्यात स्वतःसाठी काय केले, असे विचारल्यावर मात्र ते थांबले आणि उत्तर पत्नीने दिले. रविवारी सायंकाळी दोघे रंकाळ्यावर गेले असताना एका व्यापाऱ्याने खरेदीच्या बिलाचा अस्पष्ट फोटो पाठवला, आणि हे गृहस्थ कट्ट्यावर बसून, बोटांनी फोटो मोठा करीत, महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक लावत राहिले. समोर घेतलेली भेळ तशीच मऊ पडली.

व्यवसाय सोडण्याचा विचार मी बाजूला ठेवायला सांगितला. रात्री आठनंतर केलेले प्रत्येक काम, ते कोणाचे आणि उशिरा का आले, एवढेच महिनाभर लिहायला सांगितले. त्यांनी आणलेली वही जमा-खर्चाच्या वहीसारखी रकाने आखलेली होती, हे वेगळे सांगायला नको. त्यातून दिसले ते असे, की रात्रीची बहुतेक कामे 18-19 तारखेला बिले पाठवणाऱ्या मोजक्याच व्यापाऱ्यांची होती. शिवाय, 3बीच्या विलंबाचे दिवसाला 50 रुपये होणारे शुल्क, वाद नको म्हणून, यांनी काही वेळा स्वतःच्या खिशातून भरले होते. ज्याचा खर्च त्याच्या नावे टाकावा, हे ते दिवसभर इतरांना सांगत असत. स्वतःच्या झोपेचा आणि रविवारचा खर्च मात्र कोणाच्याच नावे पडत नव्हता.

माझ्या मते अडचण वेळेची कमी आणि भीतीची अधिक होती. ज्यांच्याकडे त्यांनी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, केली, त्या ज्येष्ठांनी आलेले काम कधी परत पाठवले नव्हते, आणि नकार दिला की माणूस दुसऱ्याकडे जातो ही समजूत तेथेच पक्की झाली होती. म्हणून आम्ही बोलण्याचा सराव केला. मी व्यापारी होऊन म्हणे, “साहेब, तेवढं बघा की, तुमच्याकडं दिलंय म्हंजे झालंच!” आणि त्यांनी क्षमा न मागता एका वाक्यात उत्तर द्यायचे. त्यांना हे फारच जड गेले. प्रत्येक उत्तराच्या शेवटी “बघतो काहीतरी” येतच असे.

अखेरीस त्यांनी सर्वांना लेखी कळवले: विक्रीची बिले 5 पर्यंत, खरेदीची 12 पर्यंत, त्यानंतर आलेले काम होईल, परंतु शुल्क आणि व्याज ज्याचे त्याने भरावे. बहुतेकांनी कुरकुर करून ते मानले. एका सराफाने काम काढून घेतले आणि त्यानंतर काही रात्री त्यांना झोप लागली नाही, हेही नोंदवायला हवे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असती किंवा छातीत धडधड सुरू झाली असती, तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले असते.

आता हंगामात ते जुन्या तालमीतल्या मित्रांसोबत शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने पाहायला जातात, आणि तेवढा वेळ फोन कार्यालयातील सहाय्यकाकडे असतो. सप्टेंबर महिना पूर्वीइतकाच दगदगीचा आहे आणि तो तसाच राहणार, हे दोघांनी आधीच मान्य केले आहे. त्या महिन्यात घरच्या कार्यांना जाण्याचा आग्रह पत्नी करीत नाही. मात्र रात्रीचे जेवण घरीच, आणि जेवताना बिलांचे फोटो उघडायचे नाहीत, ही तिची अट त्यांना मान्य करावी लागली.