कीटो डाएटवर असताना फ्लेवर्ड व्हिटॅमिन ड्रिंक चालेल का?

काही चालतात, बरीच चालत नाहीत. कीटो म्हणजे कार्बोहायड्रेट अगदी कमी ठेवणारा आहार. पुढे ‘व्हिटॅमिन सी’, ‘झिंक’ असं काय काय छापलेलं असतं, तिकडे बघूच नका. बाटली फिरवून मागचा तक्ता वाचा.

तिथे ‘टोटल कार्बोहायड्रेट’ हा आकडा बघायचा, नुसती साखर नाही. आणि तो आकडा 100 मिलीचा आहे की अख्ख्या बाटलीचा, हेही. खरी फसगत इथेच होते. 100 मिलीला 5 ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं, पण 500 मिलीची बाटली संपवलीत की 25 ग्रॅम पोटात. कीटोत कार्बोहायड्रेटची दिवसभराची मुभाच साधारण 20 ते 50 ग्रॅमची!

मग घटकांची यादी. साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, फळाचा रस वरच्या दोन-तीन नावांत असेल तर बाटली परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) तर पक्कं लबाड: ‘साखर 0’ लिहिलेलं असलं तरी रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं. साखरेऐवजी गोडी आणणाऱ्या पदार्थांपैकी स्टीव्हिया, सुक्रालोज, एरिथ्रिटॉल चालतात, माल्टिटॉल नको.

पाण्यात फसफसणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्या बहुधा सोयीच्या पडतात, तरी तक्ता वाचाच. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र ड्रिंकच्या आधी कीटोबद्दलच डॉक्टरांना विचारा.