टाच दुखतेय, गरबा खेळू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी ४४ वर्षांची, दांडिया बाजारात राहते. दरवर्षी नऊच्या नऊ रात्री गरबा असतो माझा, पण गेल्या नवरात्रात उजव्या टाचेच्या मागे वरच्या बाजूला दुखायला लागलं ते अजून पूर्ण गेलेलं नाही. सकाळची पहिली चार पावलं लंगडत टाकते, मग जरा बरं, रात्री परत ठणका. आराम झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या, सगळं तेवढ्यापुरतं. एकांनी इंजेक्शन घ्या सांगितलंय. आषाढी झाली, आता गरब्याचे क्लास सुरू होतील, जाऊ का नको?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: ताई, जा, पण लगेच नको. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जी जाड पट्टी हाताला लागते ना, ते अकिलीस टेंडन. ते चिमटीत धरून बघा, टाचेच्या दोन-तीन बोटं वर दुखरी, जाडसर गाठ लागली तर दुखणं तिथलंच. इतके महिने रेंगाळलेल्या अशा दुखण्यात सूज कमी आणि आतल्या तंतूंची विस्कटलेली घडी जास्त असते, म्हणून सुजेच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही. आणि नुसत्या आरामाने टेंडन आणखी कमजोर होतं, मग वर्षभर टाचेच्या चपलेत फिरून नवरात्रात एकदम अनवाणी तीन टाळी घेतली की ते बोंबलणारच!

त्याला हळूहळू वजन पेलायला शिकवावं लागतं. ओटल्याच्या पायरीवर चवड्यांवर उभ्या राहा, कठडा धरा, दोन्ही पायांनी वर जा, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवा. वर येताना परत दोन्ही पाय. १५ वेळा, असे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ सेट किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवर हे करून बघितलं आणि सगळे पुन्हा धावायला लागले. पुढे सगळ्यांनाच इतका गुण आला नाही हेही खरं, पण सुरुवात इथूनच करावी. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

करताना थोडं दुखेल, चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर डोस जास्त झाला समजा. क्लास महिनाभराने सुरू करा, एक दिवसाआड, आणि यंदा नऊ रात्रींचा हट्ट सोडा हो, मैत्रिणी काही पळून जात नाहीत.

स्टिरॉइडचं इंजेक्शन या टेंडनमध्ये मी तरी देणार नाही, ते तुटायची भीती असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनीही टेंडनला त्रास होऊ शकतो, कोणी लिहून दिलं तर हे दुखणं आधी सांगा. शुगर तपासून घ्या. आणि नाचताना मागून कोणी काठी मारल्यासारखं झालं, चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच रात्री ऑर्थोपेडिककडे.

प्रश्न: माझ्या २६ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी तासभर कंबर आखडते, पहाटे दुखून जाग येते, चाललं की मोकळं वाटतं. मागे डोळा लाल होऊन दुखला होता. युरिक ॲसिड नॉर्मल आलंय. त्यालाही हाच व्यायाम सांगू का?
– एक वडील, रावपुरा

उत्तर: काका, हे प्रकरण वेगळं दिसतंय. आरामाने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबर, दोन्ही टाचा, वर डोळा, एवढं एकत्र आलं की अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसच्या जातीच्या संधिवाताची शंका घ्यावी. यात टेंडन हाडाला जिथे चिकटतं तिथेच सूज येते. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. एचएलए बी-२७ ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार पक्का असं नाही, आणि सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो म्हणून त्यावर थांबू नका, कंबरेखालच्या सांध्यांचा एमआरआय लागेल. सिगरेट असेल तर आजच बंद. डोळा परत लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.