एक्स-रे नॉर्मल आला तरी मनगट दुखतंय? परत जा

तुमची पोस्ट वाचताना नकळत डावं मनगट धरून बसलो होतो. सिंहगड रोडला खडीवर गाडी स्लिप, तळहात टेकून पडलात, एक्स-रे नॉर्मल, सूज उतरली, तरी बारा दिवसांनी अंगठ्याच्या बाजूला दुखतंय, आणि आता प्रश्न काय तर एवढ्याशासाठी परत डॉक्टरकडे गेलो तर हसतील का. अहो डिट्टो माझीच स्टोरी, फक्त माझी गाडी नळ स्टॉपला पहिल्या पावसात घसरली होती.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस आहे. बर्फ, क्रेप बँडेज वगैरे तुम्ही केलंच असेल.

एक करून बघा. अंगठा ताणून वर करा, लिफ्ट मागताना करतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी दोन शिरा उठतात आणि मधे एक खड्डा पडतो. पूर्वी लोक तपकिरीची चिमूट तिथे ठेवून ओढायचे, म्हणून इंग्रजीत त्या खड्ड्याला नावच तपकिरीच्या डबीचं आहे. तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. मग चांगल्या हाताचाही दाबा, कारण थोडं तिथेही दुखतं, फरक बघायचा. दुखऱ्या हाताला ठणकन कळ आली तर विचार करत बसू नका, ऑर्थोपेडिककडे जा. नाही आली तरी दोन आठवड्यांत दुखणं कमी होत नसेल तर जाच, असं माझं मत.

त्या खड्ड्याखाली स्कॅफॉइड नावाचं हाड असतं, साधारण काजूएवढं आणि काजूसारखंच वाकडं. याची बारीक चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून 10-14 दिवसांनी परत काढतात, नाहीतर सरळ एमआरआय. आणि या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरतं आणि उलटं कोपराकडे येतं. मधे तुटलं की कोपराकडच्या तुकड्याचा सप्लाय बंद होऊ शकतो. आपल्या पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात तसं, फक्त शुक्रवारी परत येईलच अशी गॅरंटी नाही.

आता माझा गाढवपणा. माझ्या रिपोर्टवर लिहिलं होतं की 'ऑब्व्हियस' फ्रॅक्चर दिसत नाही. मी त्यातला ऑब्व्हियस गाळून बाकीचं वाचलं. घरी आंबेहळद-तुरटीचा लेप सुरू झाला, सूज गेली, सगळे खूश. पण सांडशीने चहाचं पातेलं उचललं की हात सुटायचा, एकदा अख्खा चहा ओट्यावर. म्हणून अकराव्या दिवशी त्याच हॉस्पिटलात गेलो (नाव घेत नाही, उगाच वाद नको). खिडकीवरच्या बाईंनी फाईल न उघडता विचारलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग सरांना दाखवायचंय काय? नवीन केसपेपर काढावा लागेल, सर दोन वाजता येतील." मागे रांग, मला वाटलं आपण उगाच कटकट करतोय, सॉरी म्हणून निघून आलो. सॉरी मी म्हणालो! आणि चीड याची की केसपेपरच्या खाली डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं, दुखत राहिलं तर 10 दिवसांनी परत या. ते अक्षर मला साडेतीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवलं, कारण आपण केसपेपर मेडिकलवाल्याच्या हातात देतो आणि तो फक्त गोळ्या वाचतो.

तोवर हाड जुळायचं राहूनच गेलं होतं. ऑपरेशन, स्क्रू, आणि कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे भरला. खोटं वाटेल पण मनगटापेक्षा कंबर जास्त दुखली, आठवडाभर शिंकायची भीती वाटायची. मनगट आजही पूर्ण मागे वाकत नाही, सूर्यनमस्कार मुठीवर घालतो.

त्यामुळे जायचं की नाही हे खिडकीवरच्या माणसाला ठरवू देऊ नका. "पडलो होतो, इथे दाबलं की दुखतं, स्कॅफॉइडचा वेगळा व्ह्यू काढायचा का" एवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. काही डॉक्टरांना पेशंटने नाव घेतलेलं आवडत नाही, विचारा तरी. खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनला (पुण्यातलं सरकारी हॉस्पिटल) अस्थिरोग विभाग आहे, रांगेची तयारी ठेवून जा. तोवर तेल लावून चोळून घेणं, 'बसवून' घेणं बंद, प्लीज.

बोटं बधिर, गार किंवा पांढरी पडली, मनगट वाकडं दिसलं, किंवा लाल-गरम होऊन ताप आला तर हे सगळं सोडा, त्याच दिवशी जा. न पडता, नुसतं रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन जाग येत असेल तर ते प्रकरण वेगळं, नस दबल्याचं असू शकतं, तेही दाखवायचंच पण ही घाई नाही.

आणि त्या हातात अंगठी असेल तर आत्ताच काढून ठेवा. जुन्या एक्स-रेची फिल्म किंवा सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. माझी फिल्म गाडीच्या डिकीत पावसाने चिकटून गेली होती, तुलना करायला काही उरलंच नव्हतं.