ग्राफिक स्कोअरमध्ये सूरच लिहिलेले नसतात, मग तो वाजवतात कसा?

ग्राफिक स्कोअर म्हणजे स्वरलिपीऐवजी चित्रांनी लिहिलेली रचना. तुमचा प्रश्न असा, की कागदावर नुसत्या रेषा आणि वर्तुळं असतील आणि वाजवणारा मनाला येईल तेच वाजवणार असेल, तर कागद हवाच कशाला? मी म्हणेन, मनाला येईल ते वाजवलं जाऊ नये म्हणूनच तो हवा.

कॉर्नेलियस कार्ड्यू या इंग्रज संगीतकाराची ‘ट्रीटाइज’ ही रचना बघा. 1963 ते 1967 या काळात त्यानं 193 पानं काढली. तो ग्राफिक डिझाइनचंही काम करायचा, ते रेषांच्या सफाईत दिसतंच. कोणतं वाद्य, किती वेळ, कुठला आकार म्हणजे कुठला आवाज, काहीच सांगितलेलं नाही. पानापानांतून एक आडवी रेघ जवळजवळ सलग जाते. तिच्या आसपास वर्तुळं, आकडे, वेडीवाकडी झालेली स्वरचिन्हं. तळाशी पाच-पाच ओळींच्या दोन कोऱ्या पट्ट्या.

आम्ही तिघांनी यातली काही पानं वाजवली. आधी बसून ठरवलं: मधली रेघ म्हणजे हार्मोनियमचा षड्ज (सा), ती तुटली की भाता थांबणार. भरीव काळं वर्तुळ डग्ग्याचं, जितकं मोठं तितका ठोका जोरात. रेघेला टेकलेला आकार असेल तर मी व्हायोलिनवर षड्जापासून निघायचं, सुटा असेल तर षड्ज टाळायचा. बोटं सवयीनं यमनकडे वळत होती, पण पान तिकडे जाऊच देत नव्हतं. ती अडवणूक कार्ड्यूची, आवाज आमचे. एकदा लावलेला अर्थ पुढच्या पानावर सोयीसाठी बदलला, की मग ती त्याची रचना उरत नाही.

भातखंडे स्वरलिपीत लिहिलेल्या बंदिशीतही मात्रा, कण (ओझरते स्वर), मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान असते, पण बढत, म्हणजे रागाचा विस्तार, कागदावर नसते. तिथे राग आणि तालीम गायकाला सांभाळून घेतात. इथे तसा आधार नाही, म्हणून नियम आपणच घालून घ्यायचे.

रेकॉर्डिंगनं कागदाचं काम भागत नाही. कार्ड्यू 1966 पासून एएमएम या गटात मुक्त वादन करत होता, तरी अशा इम्प्रोव्हायझेशनची (उत्स्फूर्त वादनाची) ध्वनिमुद्रणं त्याला पोकळ वाटत: वादनाचा घाट टिकतो, ती वेळ आणि ती जागा हाती लागत नाही. मला ते पटतं. म्हणून आम्ही ठरवलेले नियम लिहून ठेवतो. त्यावरून दुसऱ्या कोणाला ते पान नव्यानं वाजवता येईल.

सुरुवात मात्र अमेरिकन संगीतकार अर्ल ब्राऊनच्या ‘डिसेंबर 1952’ या ग्राफिक स्कोअरपासून करा. एकच कागद, त्यावर सुट्या आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि तो कोणत्याही बाजूनं धरला तरी चालतो. एकदा वाजवा, मग कागद उलटा धरून पुन्हा वाजवा, नियम तेच ठेवून.