पळून जाणाऱ्या संशयितावर पोलीस गोळी झाडू शकतात का? झाडली नाही तर लोकांची सुरक्षा धोक्यात येत नाही का?

नाही, केवळ पळतोय एवढ्या कारणावर गोळी झाडता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने 1990 साली हवाना इथे पोलिसांच्या बळाच्या वापराची तत्त्वे स्वीकारली. त्यांनुसार जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका अगदी समोर असेल आणि सौम्य उपाय पुरेसे नसतील, तरच बंदूक वापरायची. त्याआधी स्पष्ट इशाराही द्यायचा. इशारा देण्यातच कोणाचा जीव जाणार असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत 1974 साली मेम्फिसमध्ये घरफोडीच्या संशयावरून 15 वर्षांच्या मुलाचा पाठलाग झाला. तो कुंपणावर चढत होता. टॉर्चच्या उजेडात तो निःशस्त्र असल्याची पोलिसाला जवळजवळ खात्री होती, तरी गोळी डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. त्याच्याकडे सापडले काय, तर एक पर्स आणि 10 डॉलर! ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली असा गोळीबार घटनाबाह्य ठरवला. सुरक्षेचं म्हणाल, तर ज्या वस्तीला पोलिसांचीच धास्ती असते तिथे साक्षीदार पुढे येत नाहीत आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. मात्र एक लक्षात घ्या: पळणारा सशस्त्र असेल आणि निसटला तर कोणाचा तरी जीव घेईल अशी ठोस कारणं असतील, तर कायदा गोळीला मुभा देऊ शकतो. ती मुभा किती, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर ठरतं.