ब्रॉन्क्समधल्या फुकट पार्क जॅमला बारा वर्षांच्या नातवाला घेऊन जावं का? आम्हाला त्यातलं काय कळणार?

तुम्ही जुलैत न्यू जर्सीला मुलाकडे येताय. नातू ब्रेकिंग, म्हणजे हिप हॉपवरचा ब्रेकडान्स, शिकतोय आणि 'क्रोटोना पार्कच्या जॅमला घेऊन चला' म्हणून मागे लागलाय. हा पार्क न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात आहे, आणि पार्क जॅम म्हणजे तिथे उघड्यावर भरणारी हिप हॉपची मैफल. मुलगा-सून कामावर असणार. फुकटचा कार्यक्रम कसा असेल, ब्रॉन्क्स म्हणजे धोक्याचं ना, आणि साठी उलटलेल्या माणसांनी तिथे बसून करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

जा. मी क्वीन्समध्ये राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा तिथे जातो. माझ्या मते न्यूयॉर्कमध्ये पैसे न देता बघण्यासारखं जे काही आहे, त्यात हे फार वरचं आहे. फक्त मनात 'रॅपचा मोठा शो' असं चित्र घेऊन जाऊ नका, नाहीतर तासाभरात विचाराल की गायक कधी येणार? गायक येईलही, नाहीही. माइकवर कुणीतरी असतं, पण तो बहुतेक वेळ लोकांची नावं घेतो, जुन्या मंडळींना हाक मारतो, वातावरण चढवतो. इथला मुख्य माणूस डीजे. डीजे म्हटल्यावर आपल्याकडच्या मिरवणुकीतली भिंत आठवेल, तर तसला डीजे नाही. एक टेबल, त्यावर दोन टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायची यंत्रं, मध्ये एकीवरून दुसरीवर आवाज नेणारा मिक्सर, बाजूला काळ्या तबकड्यांनी भरलेल्या पेट्या, आणि समोर नाचायला मोकळी जागा. गेट नाही, पास नाही, व्हीआयपी रांग नाही. घरून घडीच्या खुर्च्या आणून बसलेले लोक, त्यात तुमच्या वयाचे भरपूर. हिशेब करा ना, हे सगळं सुरू झालं त्या १९७३ साली जे पंधरा-सोळा वर्षांचे होते ते आज साठीच्या पलीकडेच आहेत. तिथे परके ठरायचे तर तरुण ठरतील, तुम्ही नाही.

१९७३ चा उल्लेख तिथे दर दहा मिनिटांनी ऐकू येईल, म्हणून तेवढं आधी सांगून ठेवतो. ११ ऑगस्ट १९७३ ला वेस्ट ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. कुटुंब जमैकाच्या किंग्स्टनहून आलेलं. ही पहिली पार्टी फुकट होती असं बरेच जण ठोकून देतात. नव्हती. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश होता, कारण सिंडीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. फुकटचा भाग पुढचा. हॉल पुरेना, तेव्हा हर्क सामान घेऊन जवळच्या सीडर पार्कात गेला. पार्कात तिकीट कुणाला लावणार? वीज दिव्याच्या खांबावर आकडा टाकून. इतर डीजेही आपापल्या भागातल्या मैदानांत आणि शाळांच्या पटांगणांत हेच करू लागले.

आता जे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं ते सांगतो. फंक, सोल, लॅटिन, कधी रॉक अशा गाण्यांत एक जागा येते. गाणारा थांबतो, गिटार थांबते, तुताऱ्या थांबतात आणि काही सेकंद नुसते ड्रम आणि बोंगो, म्हणजे हातांनी वाजवायचे छोटे जोडढोल, वाजत राहतात. हा ब्रेक. हर्कने पाहिलं की नाचणारी पोरं गाणं चालू असताना कडेला उभी राहतात आणि ही जागा आली की तुटून पडतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आणल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. दहा सेकंदांची जागा पाच मिनिटं चालवायची. हिप हॉपचं सगळं संगीत याच्यातून निघालं, आणि त्या वाढवलेल्या जागेत नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

ग्रँडमास्टर फ्लॅशने यात नेमकेपणा आणला. हर्क सुई अंदाजाने टेकवायचा, ताल कधी कधी सांधताना घसरायचा. फ्लॅशने तबकडीवर खडूसारख्या क्रेयॉनने खूण केली, म्हणजे ब्रेक कुठे सुरू होतो आणि किती फेरे मागे यायचं ते डोळ्यांनी दिसेल. तबकडी खालच्या चकतीला न अडकता हाताने मागेपुढे सरकावी म्हणून तिच्याखाली फेल्टचा, म्हणजे जाड दाबलेल्या कापडाचा, गोल तुकडा घातला, तो लुळा पडत होता म्हणून कपड्यांना मारायचा स्टार्च मारून कडक केला. विशीही न ओलांडलेल्या, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोराचं हे काम आहे. क्रोटोनाला डीजेच्या टेबलाशेजारी उभं राहायला मिळालं तर नातवाला त्या फेल्टकडे बघायला सांगा. हेडफोन एका कानावर, एक बोट तबकडीच्या कडेला, दुसरा हात मिक्सरच्या दांडीवर. बोट उचललं की ब्रेक बरोबर पहिल्या ठोक्यावर पडला पाहिजे. चुकला की जुने लोक ओळखतात, बोलत कुणी नाही, पण चेहऱ्यावर दिसतं.

आणखी एक गंमत. कोणती तबकडी आहे ते दुसऱ्या डीजेंना कळू नये म्हणून हर्क तबकड्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. ही जमैकातली जुनी युक्ती, वडिलांनी सांगितलेली. आज फोन समोर धरला की गाणं कळतं, तरी जॅममध्ये कुणी फार दुर्मीळ ब्रेक लावला की दोन-चार पांढऱ्या दाढीवाले उठून पेटीत डोकावायला जातात.

एक गाणं मात्र तुम्हाला नक्की ऐकू येईल: 'अपाची'. मूळ धून ब्रिटिश बँड द शॅडोजने १९६० साली गाजवलेली, तुमच्यापैकी कुणी त्या काळी इंग्रजी गाणी ऐकत असेल तर ओळखीची निघेल. ब्रॉन्क्सवाल्यांचं 'अपाची' म्हणजे १९७३ साली इन्क्रेडिबल बोंगो बँडने केलेलं. हा स्टुडिओपुरता जमवलेला बँड. रेकॉर्ड फार चालली नाही, पण सुरुवातीलाच तिच्यात बोंगो आणि ड्रमचा असा काही ब्रेक आहे की ती या लोकांचं राष्ट्रगीत होऊन बसली. ती लागली की खुर्चीतले म्हातारेही उठतात. तुम्हीही उठा, कुणी हसत नाही.

ज्यांच्या हातचे हे ब्रेक, त्या ड्रमवाल्यांना मात्र यातून फार काही मिळालं नाही, आणि याची मला चीड येते. फंक गायक जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' मधला क्लाइड स्टबलफील्डचा ब्रेक शेकडो गाण्यांत वापरला गेला. गाण्याचा लेखक म्हणून नाव ब्राऊनचं, त्यामुळे रॉयल्टीत स्टबलफील्ड कुठेच नाही. द विन्स्टन्स बँडच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर' मधला ग्रेगरी कोलमनचा ब्रेक जेमतेम सहा-सात सेकंदांचा. त्याच्यावर ब्रिटनमधलं जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खं संगीत उभं राहिलं. कोलमन २००६ साली वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं.

असो. नाचाकडे येऊ, कारण नातू त्यासाठीच चाललाय.

मैदानात मध्येच एक गोल तयार होतो, त्याला सायफर म्हणतात. एकेक जण आत येतो, आपलं करतो, बाहेर पडतो. आधी उभ्याने पावलं, मग खाली जाऊन हातांवर भार घेत पायांची कामं, जमत असेल तर डोक्यावर-पाठीवर गिरक्या, आणि शेवटी एकदम थिजून राहायचं, तो फ्रीझ. गिरक्यांना टाळ्या पडतात, पण जाणकार फ्रीझ बघतात: ठोक्यावर थिजला का, की ठोका गेल्यावर? तुम्ही एवढं एकच बघत बसलात तरी अर्ध्या तासात चांगला आणि बरा यातला फरक कळू लागेल. कधी दोघं समोरासमोर ठाकतात. कोकणातला शक्ती-तुरा बघितला असेल तर हे वेगळं समजवावं लागणार नाही: समोरच्याने टाकलेलं उचलायचं, त्याच्यापेक्षा चढ उत्तर द्यायचं, हावभावांनी त्याची उडवायची आणि अंगाला हात लावायचा नाही. बघताना भांडण वाटतं. संपलं की गळ्यात पडतात.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ब्रेकिंग होतं, आणि त्यातल्या एका ऑस्ट्रेलियन स्पर्धक बाईंच्या चेष्टेचे व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आले असतील. त्यावरून या नाचाचं माप काढू नका. त्याच स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांचं काम नातवाला दाखवायला सांगा. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत ब्रेकिंग नाही, त्याचं या पार्कात कुणाला फारसं सुतक असेल असं मला वाटत नाही.

नातवाला गोलात जायचं असेल तर जाऊ द्या. पण आधी दहा-पंधरा मिनिटं कडेला उभं राहून बघू दे. आत कुणी असताना घुसायचं नाही, आपली पाळी लांबवायची नाही, आणि मोठ्या माणसाने हाताने 'ये' म्हटलं की लाजायचं नाही. लहान पोराला तिथे फार सांभाळून घेतात. तुम्ही मात्र 'कर ना, तो हेडस्टँड कर' असं बाहेरून ओरडू नका.

हे सगळं फुकट कसं, याचं उत्तर असं की कुणीतरी खपतं. क्रोटोनाचे जॅम टूल्स ऑफ वॉर या नावाने क्रिस्टी झी-पाबोन आणि त्यांचे पती पॉपमास्टर फेबल वीस वर्षांहून जास्त काळ चालवत आलेत. फेबल स्वतः जुन्या पिढीतले नाचणारे. आता खांबावर आकडा चालत नाही. पार्क खात्याची परवानगी, लाउडस्पीकरसाठी पोलिसांची परवानगी, वीज, आवाजाची यंत्रणा, वेळेवर बंद करायची जबाबदारी, सगळं रीतसर. तिथे टी-शर्ट विकायला असतील तर एखादा घ्या.

आता ब्रॉन्क्सची भीती. ती अगदीच हवेतून आलेली नाही. सत्तरच्या दशकात साउथ ब्रॉन्क्समध्ये इमारतींमागून इमारती जळाल्या. कुठे घरमालकांनी विम्यासाठी लावलेल्या आगी, कुठे शहराने बंद केलेली अग्निशमन केंद्रं, आणि त्याआधी क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने वस्त्या मधून चिरलेल्या. ५ ऑक्टोबर १९७७ ला अध्यक्ष कार्टर विटांच्या ढिगाऱ्यांत उभे राहिलेला फोटो जगभर गेला, तो शार्लट स्ट्रीटचा. जॅम होतो ती पार्कची बाजू म्हणजे हाच शार्लट स्ट्रीट जिथे येऊन मिळतो ती. आज तिथे अंगण आणि कुंपण असलेली बैठी घरं आहेत, चालत जाताना दिसतील. हे नाचगाणं त्याच ढिगाऱ्यांच्या काळात, कुणाच्या अनुदानाशिवाय उभं राहिलं. आज दिवसाउजेडी पोरांबाळांसकट शेकडो लोक जमतात. मोठ्या शहरात जेवढं जपता तेवढं जपा: फोन खिशात, पोर नजरेसमोर. पार्कात दारू चालत नाही. सिगारेट-गांजालाही बंदी आहे, तरी गांजाचा वास मधूनमधून येईल, इथे तो सगळीकडेच येतो.

नातू विचारेल की आपल्याकडे असं आहे का. धारावीत मुलांना ब्रेकिंग आणि रॅप फुकट शिकवणारे गट बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि तिथल्याच सेव्हन बंटाईझ या रॅप गटाची पोरं एका गाण्यात मराठी, हिंदी, तमिळ सगळं मिसळतात. परत आल्यावर तिकडे एक चक्कर मारायला हरकत नाही.

जायचं असं: न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून २ नंबरची सबवे ब्रॉन्क्सच्या दिशेने, १७४ स्ट्रीटला उतरायचं. पेन स्टेशनपासून पाऊण तास धरा. ते स्टेशन उंचावर आहे, जिना उतरावा लागतो, गुडघ्यांचा त्रास असेल तर मुलालाच एक दिवस सुट्टी घेऊन गाडी काढायला सांगा. जॅम वर्षानुवर्षं जुलैतल्या गुरुवारी होत आलेत, पण यंदाच्या तारखा आयोजकांकडून बघूनच निघा. दुपारी उशिरा पोचा, खरा रंग ऊन उतरल्यावर चढतो. खुर्च्या, पाणी, टोपी आणि डब्यात काहीतरी घ्या. नातवाला जास्तीचा टी-शर्ट आणि मनगटाला पट्टे. स्पीकरच्या समोर बसू नका, बाजूला बसा, आणि कानात घालायला कापूस ठेवा. त्या दिवशी पावसाचा अंदाज असेल तर निघण्याआधी एकदा विचारून घ्या, तबकड्या आणि भिजलेली फरशी दोन्ही पावसापुढे टिकत नाहीत.