‘संयुजा इलेक्ट्रॉन’ या समासाची फोड

विचारलंय ते असं: मुलीच्या नववीच्या वहीत ‘ऑक्सिजन : संयुजा इलेक्ट्रॉन ६, संयुजा २’ असं लिहिलंय. संयुजा दोनच असेल तर संयुजा इलेक्ट्रॉन सहा कसे? चुकलंय कोण, वही की शब्द? आणि मुळात ‘संयुजा’ आली कुठून?

संयुजा (इंग्रजीत ‘व्हॅलन्सी’) म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, आकड्यात सांगितलेली. वही बरोबर आहे. शब्दही बरोबर आहे, विग्रह मात्र आपण चुकीचा करतो. ‘संयुजेचे इलेक्ट्रॉन’ असा षष्ठी तत्पुरुष धरला, की जितकी संयुजा तितकेच इलेक्ट्रॉन हवेत असं वाटणारच. पण हा समास कांदेपोह्यांच्या जातीचा आहे. पोहे काही कांद्याचे नसतात. ‘कांदे घालून केलेले’ यातलं मधलं पद गळालेलं असतं. तसंच इथे ‘ठरवणारे’ गळालंय. संयुजा ठरवणारे ते संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले. मध्यमपदलोपी समास म्हणून वाचा, भांडण तिथेच मिटतं.

आता ते ठरवतात कसे? ऑक्सिजनचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कवचांतली इलेक्ट्रॉनची मांडणी, २, ६. बाहेर आठ झाले की अणू स्वस्थ होतो, म्हणजे याला दोन कमी. हायड्रोजनचे दोन अणू येतात, प्रत्येक जण आपला एक इलेक्ट्रॉन मांडतो, ऑक्सिजन त्याच्या जोडीला आपला एक ठेवतो. दोन सामायिक जोड्या, दोन बंध, पाण्याचा एक रेणू. सहापैकी दोनच कामाला लागले, म्हणून संयुजा २. उरलेले चार आपापसात जोड्या करून बसतात. पण त्यांना रिकामटेकडे समजू नका, पाण्याचा रेणू सरळ न राहता वाकतो तो त्यांच्याच रेट्याने.

घोटाळा होतो याला कारणही आहे. सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम घ्या: संयुजा इलेक्ट्रॉन १, २, ३ आणि संयुजाही १, २, ३. कार्बनला ४ आणि ४. इथवर शिकलेल्या मुलाला दोन्ही एकच वाटलं तर त्याचा काय दोष? नायट्रोजनपासून मात्र आकडे उलटे फिरतात. इलेक्ट्रॉन ५, संयुजा ३. फ्लोरिनला ७ आणि १. निऑनला ८ आणि शून्य. देऊन टाकणं सोपं तिथे देण्याचा आकडा, मिळवणं सोपं तिथे तुटीचा. मिठात हे दोन्ही एकदम दिसतं: सोडिअम (२, ८, १) एक सोडतो, क्लोरिन (२, ८, ७) तो घेतो, दोघांचीही संयुजा १. मजा म्हणजे मिठाच्या खड्याच्या आत प्रत्येक सोडिअम आयनाभोवती (इलेक्ट्रॉन सोडलेल्या सोडिअमभोवती) सहा क्लोराइड (इलेक्ट्रॉन घेतलेले क्लोरिन) असतात. म्हणून संयुजेचा अर्थ ‘शेजाऱ्यांची संख्या’ असाही करू नये.

‘आठातून वजा करा’ हा नियमही सगळीकडे चालत नाही. सल्फ्युरिक आम्लात गंधक सहाच्या सहा इलेक्ट्रॉन कामाला लावतो. लोहाची संयुजा २ आणि ३ अशी बदलती, तिला पाठ्यपुस्तकात परिवर्ती संयुजा म्हणतात. रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘फेरस’ असं छापलेलं असतं, ते दोन संयुजेचं लोह.

व्युत्पत्ती सोपी आहे: सम् + युज्, एकत्र जोडणे. योग, योजना, युक्ती, युग्म, संयोग ही सगळी याच घरची. बैलाच्या मानेवरचं जू ‘युग’पासून आणि जोत ‘योक्त्र’पासून आलं, म्हणजे तेही भाऊबंदच. ‘संयुग’ तर सख्खं भावंड. ‘त्यज्’चा ‘त्याग’ व्हावा तसा ‘ज’चा ‘ग’ झालाय. इंग्रजी ‘व्हॅलन्सी’च्या मुळाशी लॅटिनमधला बळ, सामर्थ्य हा अर्थ आहे. आपण बळ सोडून जोडणं उचललं. मला ते जास्त नेमकं वाटतं. हिंदीनेही ‘संयोजकता’ करताना तीच वाट धरली, पण उच्चाराला आपली संयुजा सुटसुटीत.

ही कल्पना इलेक्ट्रॉनच्याही आधीची आहे. एडवर्ड फ्रँकलंडने अणूंच्या संयोगशक्तीला ठरावीक मर्यादा असते हे १८५२ मध्ये मांडलं, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि सामायिक जोडीची कल्पना गिल्बर्ट लुईसने मांडली १९१६ मध्ये. म्हणजे ‘किती जोडले जातात’ हा आकडा आधी, तो ‘कशाने ठरतो’ हे नंतर.

माझी कुरकुर आहे ती ‘सहसंयुज’बद्दल, म्हणजे सामायिक जोडीने होणाऱ्या बंधाच्या (इंग्रजीत ‘कोव्हॅलंट’) नावाबद्दल. ‘सम्’मध्ये ‘एकत्र’ आलंच, वर ‘सह’ कशाला? इंग्रजीत ‘को’ होता म्हणून आपणही लावला, एवढंच. तरी ‘सहभागी’, ‘सहकार’ यांतल्या ‘सह’ला वाटून घेण्याची छटा आहे आणि या बंधात इलेक्ट्रॉन वाटूनच घेतलेले असतात, म्हणून चालवून घेतो.

जाता जाता: संयुजा स्त्रीलिंगी, ‘शाळा’सारखी चालते. संयुजेचा, संयुजेत, अनेकवचन संयुजाच. ‘संयुजाचा’ असं लिहिलेलं दिसतं, ते चूक.